पटावरचं विसावं नाव

मी संशयी आहे, हे मला नव्याने कुणी सांगायची गरज नाही. सावंतवाडीची माझी बहीण सांगते, इथली शेजारीण सांगते, आणि आमचे ग्रंथपाल नुरुद्दीन मुजावरसाहेब तर हसत हसत सांगायचे, "विमलाबाई, तुम्ही ग्रंथालयात चुकून आलात. तुमची जागा पोलिसात होती." पण ग्रंथालयात बारा वर्षं काढलेल्या बाईने संशयी होऊ नये तर काय करावं? माणसं नकाशे फाडून नेतात. प्रबंधातली पानं ब्लेडने कापतात आणि वर आपल्यालाच विचारतात, "बाई, ह्यात पानं कमी कशी?" म्हणून मी परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळून घेते. लोकांना राग येतो. येऊ दे.

आमचं ग्रंथालय सरकारी, आणि तेही फक्त शिक्षणाच्या संशोधनाचं. कथा-कादंबरी आमच्याकडे मिळत नाही, त्यामुळे मालवणातलं फारसं कुणी जिना चढून वर येत नाही. जिल्हा नवा झाला तेव्हा चार ट्रक भरून पुस्तकं आली. जुनी क्रमिक पुस्तकं, शाळा तपासणीचे अहवाल, गठ्ठेच्या गठ्ठे परिपत्रकं. ती सगळी बंदराजवळच्या एका जुन्या मिठाच्या गोदामाच्या माडीवर लावली. साहेब ग्रंथपाल, मी त्यांची सहाय्यक, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणारी लोखंडी कपाटं, एवढाच आमचा संसार होता.

शहाऐंशी साली आमच्याकडे एक खरंखुरं काम आलं. पहिलीत येणारं मूल घरून कोणते शब्द घेऊन येतं, ते शोधायचं. पुण्यामुंबईच्या माणसांनी लिहिलेले धडे आमच्याकडच्या मुलांना कळत नाहीत, ही तक्रार जुनीच होती. जिल्ह्यातल्या दोनशे चाळीस शाळांना आम्ही तक्ते पाठवले. शिक्षकाने पहिलीतल्या एकेका मुलाशी तीन दिवस थोडं थोडं बोलायचं आणि मूल आपणहून जे शब्द बोलेल ते तक्त्यावर उतरवून आमच्याकडे पाठवायचे. दिवाळीपर्यंत तक्त्यांनी टेबल भरून गेलं.

पुढचं काम माझं. एक शब्द, एक कार्ड. कार्डाच्या कोपऱ्यात शाळेचा क्रमांक आणि मुलाचा क्रमांक. मग सगळी कार्डं अकारविल्हे लावायची. 'आवस' म्हणजे आई, त्याची कार्डं हजारावर गेली, 'बांगडो'ची सातशे भरली, 'यष्टी'ची पाचशे. आणि ज्या शब्दाचं अख्ख्या जिल्ह्यातून एकच कार्ड निघेल, तो वेगळ्या पेटीत टाकायचा, कारण तो बहुतेक शिक्षकाच्या लिहिण्यातली चूक असतो. त्या पेटीला आम्ही 'एकटे' म्हणायचो. ती पेटी तपासायचं काम साहेबांनी मुद्दाम मला दिलं होतं. चुका शोधायच्या म्हटलं की मला भूक लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

जानेवारीत मी ती पेटी उघडली. एकशे तीस कार्डं होती. 'आगबोट' हे कार्ड हातात आलं आणि मी थांबले. सहा वर्षांचं मूल आगबोट कशाला म्हणेल? आगबोट आमच्या बंदरात यायची बंद होऊन किती वर्षं झाली, ते हिशेब करूनच सांगावं लागेल. पुढे 'दिडकी' निघाली. दिडकी तर माझ्या आईच्या लहानपणीची. मग 'सुकाणू', 'भोंगो', 'खलाशी', 'कप्तान'. मी कोपऱ्यातले क्रमांक बघितले. सगळे एकच. एकशे तीसपैकी एक्केचाळीस एकटे शब्द एकाच शाळेतल्या एकाच मुलाचे होते.

मी मूळ तक्ता काढला. शाळा कांदळजुवा, एकशिक्षकी. शिक्षक गुरुदास वेंगुर्लेकर. मुलाचं नाव: रुक्मिणी तांडेल. वय सहा. पालक: दत्ताराम तांडेल. आणि तक्त्याच्या डोक्यावर, सगळ्यांनीच लिहायचं असतं तसं, शाळेचा एकूण पट: वीस.

वीस हा आकडा बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळी परिपत्रकं आमच्याकडे येतात आणि ती वाचणारी जिल्ह्यात बहुधा मी एकटीच असेन. त्याच वर्षी एक आलं होतं. वीसपेक्षा कमी पट असलेली एकशिक्षकी शाळा पुढच्या जूनपासून जवळच्या शाळेत मिळवून टाकायची. एकोणीस मुलं असली की शाळा बंद. आणि इथे बरोब्बर वीस.

कांदळजुवा म्हणजे खाडीच्या मधोमध असलेलं बेट. तीसेक घरं, माड आणि भोवती कांदळाचं रान. पूल नाही, होडीनेच जायचं-यायचं. पलीकडच्या गावातली शाळा जवळ आहे, पण मध्ये खाडी, आणि पावसाळ्यात त्या खाडीत होडी घालायला मोठी माणसंही कां कू करतात. शाळा बंद झाली तर जुव्यावरच्या लहान मुलांचं शिकणं थांबलंच, हे मला चांगलं कळत होतं. पण त्यामुळेच माझा संशय बळावला. ज्या मास्तराला एकच मूल कमी पडतंय, तो काय करील? एक मूल कागदावर जन्माला घालील. त्याला आजीबाईंचं नाव देईल, कारण शहाऐंशी साली सहा वर्षांच्या मुलींची नावं सुनीता, संगीता, वैशाली असतात, रुक्मिणी नसतं. आणि ग्रंथालयाने शब्द मागितले की स्वतःच्या डोक्यातून काढून लिहील. त्याचं डोकं म्हातारं, म्हणून शब्दही म्हातारे.

मी तक्ता आणि कार्डं घेऊन साहेबांपुढे गेले. त्यांनी एकेक कार्ड चष्मा वर करून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला रागच आला.

"भोंगो," ते म्हणाले. "आमच्या वडिलांच्या तोंडात हा शब्द होता. विमलाबाई, हे तर सोनं आहे."

"साहेब, हे खोटं आहे," मी म्हटलं. "ही मुलगीच नाही." आणि पटाचं सगळं त्यांना समजावून सांगितलं.

त्यांनी कार्डं पुन्हा जुळवून ठेवली. ऑफिसात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे, पण मनातलं बोलायचं असलं की घरची बोली यायची. "असात, नसात," ते म्हणाले. "तुमी एकदा जावन बगून येवा. होडयेचा भाडा मी देतंय."

मी हो म्हटलं आणि गेले नाही. का नाही गेले, ते सांगते. एक तर मी गेले असते तर मास्तराला कळलं असतं, आणि त्याने शेजारच्या वाडीतली एखादी पोर आणून बसवली असती. दुसरं म्हणजे मला साहेबांचाच भरवसा वाटेना. त्यांच्या घराण्याचा पूर्वी पडावांचा, म्हणजे मालवाहू होड्यांचा धंदा, खाडीकाठच्या प्रत्येक घरात त्यांची ओळख. ते मास्तराला आधी निरोप पाठवणार नाहीत कशावरून? आता लिहिताना वाटतं, जो माणूस सहा वर्षांत मला एक शब्द वावगा बोलला नाही, त्याच्यावरही माझा संशय होता. पण तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं.

मी माझी वाट काढली. मासळीबाजारात जुव्यावरची एक कोळीण बसायची. दुर्गा तिचं नाव. गेली दोन वर्षं मी तिच्याचकडून मासे घेत होते, पण तिचं आडनाव कधी विचारलं नव्हतं. त्या शनिवारी मी तिच्यापुढे बसले, बांगडे उलटेपालटे करून बघितले, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुर्गा, तुमच्या जुव्यार रुक्मिणी तांडेल म्हणान कोण आसा गो?"

तिचा हात थांबला. तिने पदर डोकीवर ओढला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्यापेक्षाही जास्त संशयाने बघितलं.

"कित्या?"

"अशीच इचारतंय."

"ती खंय आता? वारली ती. आठ वर्सा झाली."

माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. आज हे कबूल करायला जड जातं, पण फुटली. "तुझ्या वळखीची?"

"माझी सासू ती."

"म्हणजे तुझ्या सासऱ्याचा नाव दत्ताराम?"

तिने तोंडाने उत्तर दिलं नाही. मान हलवली, आणि मग घाईघाईने म्हणाली, "कारडावरसून नाव कमी केलेला आसा, बाई. होया तर येवन बगा. तिच्या नावाची साखर आमच्या घरात येणा नाय."

ती रेशनकार्डाचं बोलत होती. मी सरकारी ऑफिसातली बाई, आणि मेलेल्या सासूची चौकशी करत होते. तिला दुसरं काय वाटणार? दुसरी कुणी रुक्मिणी आहे का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. शाळा हा शब्दही आला होता. दोन्ही मी गिळले. जास्त विचारलं की माणूस सावध होतं, हा माझा अनुभव. मी सहा बांगडे घेतले आणि आले.

सोमवारी मी जिल्ह्याच्या कचेरीकडे टिपणी पाठवली. वर 'गोपनीय' लिहिलं. साहेबांची सही घेतली नाही. त्यांना सांगितलंही नाही. टिपणी दीड पानाची होती आणि अगदी मुद्देसूद होती. शब्द वयाला न शोभणारे. नाव वयाला न शोभणारं. त्या नावाची, त्याच दत्ताराम तांडेल यांची पत्नी आठ वर्षांपूर्वी मयत, असं त्यांच्या सुनेने प्रत्यक्ष सांगितलं. सबब सदर शिक्षकाने पट वीस राखण्यासाठी मयत व्यक्तीचं नाव पटावर घेतल्याचा दाट संशय. 'दाट संशय' लिहिताना मी थोडी थांबले, मग ते खोडून 'खात्री' लिहिलं.

सरकारी कामाला वेळ लागतो म्हणतात. ह्याला लागला नाही. एप्रिल संपायच्या आत आदेश निघाला. नाव पटावरून कमी. पट एकोणीस. शाळा एक जूनपासून पलीकडच्या शाळेत विलीन. शिक्षकावर कारवाई का करू नये, त्याचा खुलासा मागवला. आदेशाची एक प्रत रीतीप्रमाणे आमच्याकडे आली आणि साहेबांच्या टेबलावर पडली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते.

चौथ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. आधी एक उंच, काळासावळा, छत्री बगलेत धरलेला माणूस वर आला. मग दुर्गा. तिच्या हाताला धरून एक मुलगी. तेल लावून घट्ट वेणी घातलेली, पायात काही नाही.

"मी गुरुदास वेंगुर्लेकर, कांदळजुवा," तो माणूस म्हणाला. तो काही म्हातारा नव्हता. जेमतेम तिशीचा होता. माझी पहिली समजूत तिथेच ढासळली, पण मी तिला हात देऊन उभी केली. आई असेल ह्याची म्हातारी, तिच्याकडून शब्द घेतले असतील.

मास्तरांनी हजेरीपट टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून कचेरीत कळलं. मी भांडायला आलो नाही. ही रुक्मिणी. तुम्हीच बघा."

मी मुलीकडे बघितलं. नव्या धुतलेल्या फ्रॉकमध्ये तिला आणून उभी केली होती. मला वाटलंच होतं तसं. सहा वर्षांची कुठलीही पोर आणून उभी करता येते. मी टेबलावर पुढे वाकले आणि गोड आवाज काढून विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"माई," मुलगी म्हणाली.

मी मास्तरांकडे बघितलं. हसले असेन बहुतेक. "ऐकलंत ना?"

मास्तरांचा चेहरा पडला. "घरी तिला माई म्हणतात. तिचा जन्म आजी गेल्यावर दोन वर्षांनी झाला, म्हणून आजोबांनी आजीचं नाव ठेवलं. घरात सून ते नाव घेत नाही, मग कुणीच घेत नाही. वडील मुंबईला गोदीत असतात. आई मासे घेऊन सकाळीच निघते. मुलगी दिवसभर आजोबांपाशी असते. शाळेत नाव त्यांनीच घातलं, पालक म्हणून तेच लागले. ते आगबोटीवर खलाशी होते. ही बोलते ते सगळं त्यांचं."

"हे आता सुचलं?" मी म्हटलं. मग दुर्गाकडे वळले. "आणि तू? रुक्मिणी वारली म्हणून तूच सांगितलंस ना मला?"

"मेली ती माझी सासू," दुर्गा म्हणाली. ती रडत नव्हती. तिला राग आला होता, आणि तो तिने दाबून धरला होता. "तुमी शाळेचा नाव तरी काढलास काय तेव्हा? माका वाटला कारडाची चवकशी आसा. तुमी सरळ इचारला असतास, तर मी सरळ सांगितला असता."

मला तिथेच थांबायला हवं होतं. माझ्या आत कुठेतरी कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच मी जास्त चवताळले. इतका सुंदर पुरावा, इतक्या मुद्देसूद ओळी, आणि त्या चुकीच्या? माणसाला आपली चूक दिसायला लागली की ते दुसऱ्याचा गळा धरतं. मी म्हटलं, "ठीक आहे. तू हिची आई ना? मग हिचं नाव काय ते तू सांग. तुझ्या तोंडाने."

दुर्गा माझ्याकडे बघत राहिली.

"विमलाबाई, पुरे," साहेब आतून आले होते. मी त्यांना दारात उभं राहिलेलं बघितलंही नव्हतं.

"नाही साहेब. सांगू दे तिला. आई असेल तर नाव सांगेल."

 दुर्गाच्या ओठांची नुसती हालचाल व्हायची आणि थांबायची. आमच्याकडे घरातल्या थोर माणसांची नावं सून घेत नाही. माझ्या आईनेही जन्मभर घेतलं नाही. आजीच्या नावाचा महिना सुद्धा ती 'तो महिनो' म्हणायची. हे मला का आठवलं नाही? नाही, आठवलं होतं. मला माहीत होतं मी तिच्याकडून काय मागत होते.

मुलगी एकदा आईकडे, एकदा मास्तरांकडे बघत होती. मास्तर खाली फरशीकडे बघत होते. दुर्गाने पदर डोकीवरून पुढे ओढला, हात जोडून कपाळाला लावले, जणू माफी मागत होती, आणि मग म्हणाली,

"रुक्मिणी."

आवाज फुटलाच नाही. तिने पुन्हा, मोठ्याने म्हटलं. "रुक्मिणी."

मुलगी एकदम सरळ उभी राहिली. दोन्ही हात अंगाला चिकटवले, हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर."

ते नाव तिने फक्त हजेरीच्या वेळी ऐकलं होतं. त्या नावाला दुसरं उत्तर असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुर्गाने पदराचा बोळा तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. साहेबांनी मुलीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी खुर्चीत बसले होते, माझ्यापुढे शाईचा पेन होता, आणि एका बाईकडून मी तिच्या सासूचं नाव जबरदस्तीने काढून घेतलं होतं, कशासाठी, तर मला माझं म्हणणं खरं करायचं होतं.

त्याच दिवशी मी दुसरी टिपणी लिहिली. ह्या वेळी साहेबांची सही घेतली, 'गोपनीय' लिहिलं नाही. माझ्या पहिल्या टिपणीतला मजकूर चुकीचा आहे, मी प्रत्यक्ष शाळेत गेले नाही, सुनेला मी अपुरा प्रश्न विचारला, मुलगी खरी आहे आणि तिचे शब्द खरे आहेत, असं सगळं स्पष्ट लिहिलं. मास्तरांनी ती वाचली. "उपकार झाले, बाई," ते म्हणाले. मला ते शब्द सोसवेनात.

उत्तर मे महिन्यात आलं. कचेरीने मलाच चार प्रश्न विचारले होते. दोन टिपण्यांपैकी खरी कोणती? दुसरी टिपणी कोणाच्या सांगण्यावरून लिहिली? सदर शिक्षकाशी आपला काही संबंध आहे काय? मुलीच्या कुटुंबाकडून काही घेतलं आहे काय? मी वाचून थंड झाले. मग मला त्यातली रीत कळली. गुपचूप आलेलं पत्र कचेरीला खरं वाटतं, कारण ते गुपचूप आलेलं असतं. उघडपणे, सहीशिक्क्यासह आलेलं पत्र म्हणजे कुणीतरी मागे लागून लिहून घेतलेलं. मी स्वतः त्या टेबलावर असते तर हेच चार प्रश्न विचारले असते. कदाचित पाचवाही विचारला असता.

मी उत्तरं पाठवली. साहेब दोनदा स्वतः जाऊन आले, निवृत्तीला सहा महिने राहिले असताना कचेरीच्या बाकावर तासन् तास बसले. चौकशी होईल, असं त्यांना सांगण्यात आलं. चौकशी व्हायच्या आत एक जून उजाडला. कांदळजुव्याची शाळा मिळवून टाकली. गुरुदास मास्तरांवरची कारवाई सोडून दिली, पण त्यांची बदली वैभववाडीकडे घाटाखाली झाली. जाताना ते एकदा ग्रंथालयात आले, दोन पुस्तकं परत केली. मी ती न चाळता घेतली.

पावसाळाभर दुर्गा बाजारात दिसली नाही. होड्या बंद असतात तेव्हा कुणीच दिसत नाही. मी मनाला सांगत होते की तेवढंच कारण असेल. नारळीपौर्णिमा झाली, बाजार पुन्हा भरला, आणि एका सकाळी ती तिच्या जागेवर होती. टोपलीच्या पलीकडे ती मुलगी बसली होती आणि माशा हाकत होती. मी पुढे जाऊ की मागे फिरू, असं झालं. शेवटी गेले. ह्या वेळी आडून काही विचारायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

"दुर्गा, हिका शाळेत घातलंस नाय?"

"घातलेला," ती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं ते रागाने नाही. मी कोण, हे आठवत असल्यासारखं फक्त बघितलं. "पलीकडे चार दिस गेली. पाचव्या दिसा होडी आडवी झाली. पोरा वाचली. म्हाताऱ्यान सांगल्यान, जलमभर पाणी बगलेला आसा मी, चेडवाक धाडू नको. तेच्यानंतर नाय."

"पुढच्या वर्षी?"

"तुमी घरातसून चलत येतास आणि चलत घराक जातास, बाई, मदी खाडी नाय. तुमका काय सांगू?"

  शाळा पुन्हा सुरू करावी म्हणून साहेबांनी लिहिलेल्या अर्जाची एक प्रत माझ्या पिशवीत होती, ती काढून तिला दाखवावी असं क्षणभर वाटलं, पण तिला ते वाचता येणार नव्हतं, आणि मुलीलाही अजून येत नव्हतं.

"बांगडे होये?" तिने विचारलं.

"चार."

तिने मागे न वळता आवाज दिला, "रुक्मिणी, बाईंका चार बांगडे घाल गो."

भर बाजारात, शेजारणींच्या पुढ्यात, तिने ते नाव घेतलं. पदर ओढला नाही, आवाज खाली केला नाही. तिच्या डाव्या बाजूची म्हातारी कोळीण दचकली, पण दुर्गाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. शाळेसाठी म्हणून एकदा ते नाव तिने तोंडातून काढलं होतं. शाळा गेली, आणि ते परत आत ठेवायला तिला काही कारण उरलं नव्हतं.

मुलगी उठली. ती सरळ उभी राहिली नाही, काही बोललीही नाही. वाकून तिने टोपलीतून चार बांगडे काढले आणि मी पुढे केलेल्या पिशवीत घातले.